त्रेचाळिसावी कांडी

तिचं खरं नाव संस्थेच्या हजेरीपटावर होतं, पण सगळे तिला चिमूटबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग हळूहळू तोंडावर. तिचं कामच तसं होतं. सकाळी यायचं, काचेच्या पेटीतल्या तराजूसमोर श्वास रोखून बसायचं आणि कशाची तरी इतकीशी चिमूट मोजायची की मध्येच शिंक आली तर तासाभराची मेहनत पाण्यात.

एक टोक तापवलं आणि दुसरं गार ठेवलं की काही पदार्थांतून वीज निघते. धुराड्यांतून, भट्ट्यांच्या भिंतींतून जी उष्णता फुकट हवेत जाते तिच्यातून अशी वीज काढायची, हे या प्रयोगशाळेचं काम. चिमूटबाईच्या वाट्याला आले होते बिस्मथ नावाचा धातू आणि गंधक. दोन्ही एकत्र तापवले की करड्या रंगाचा, चकाकणारा पदार्थ होतो. गुणाने गरीब. उष्णता अडवून धरण्यात पटाईत, पण वीज वाहून नेण्यात महाआळशी. त्याला हलवायचं तर तिसऱ्याच कशाची तरी चिमूट आत घालावी लागते. ती चिमूट येताना चार इलेक्ट्रॉन जादा घेऊन आली, तर काम फत्ते.

हे तिने एकदा सासूबाईंना समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे भेसळ."

"भेसळच, आई. पण मोजून केलेली."

"मोजूनच करतात गं सगळे," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा शब्दकोड्यात डोकं घातलं.

तर पावणेदोन वर्षांत चिमूटबाईने बेचाळीस कांड्या केल्या होत्या. कांडी म्हणजे करंगळीच्या पेराएवढा तुकडा. बिस्मथ आणि गंधक खलात घोटायचे, क्वार्ट्झच्या नळीत भरायचे, नळीतली हवा काढून तोंड वितळवून बंद करायचं, तीन दिवस भट्टीत ठेवायचं, मग निघालेला गोळा दाबून, कापून कांडी करायची. जस्त घालून झालं, शिसं झालं, तांबं झालं. कुणी थोडं हललं, कुणी ढिम्म. अधूनमधून एक साधी कांडीही करावी लागे, जिच्यात काहीच घातलेलं नाही. बाकीच्या किती सुधारल्या ते कळायला समोर एक न सुधारलेली हवीच ना!

त्रेचाळिसावी अशीच साधी होती. मंगळवारी संध्याकाळी घोटलेली. पुढच्या आठवड्यात चिमूटबाईने ती मोजणीच्या यंत्रात दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये बसवली, एक पट्टी तापवली आणि वही उघडून आकडा लिहायला पेन टेकवलं. पेन तसंच राहिलं. साधी कांडी एरवीच्या साध्या कांडीपेक्षा वीसपट सहज वीज वाहून नेत होती. आजवरच्या सगळ्या मोजून केलेल्या भेसळी तिने मागे टाकल्या होत्या.

चिमूटबाईने यंत्र बंद केलं, तारा तपासल्या, कांडी उलटी करून बसवली. आकडा तोच. दुसऱ्या खोलीतल्या मीटरवर मोजून पाहिलं. तोच.

मोठ्या मॅडमना तिने सांगितलं, तेव्हा त्यांनी डोक्यावर सरकवलेला चष्मा नाकावर आणला. मॅडम या प्रयोगशाळेच्या प्रमुख. पंचविशीत इथे आल्या त्या इथल्याच झाल्या.

"काहीतरी चुकलंय. परत कर."

"आणि परत तशीच आली तर?"

"केलीस आणि आली, तर मला उठव. झोपेतून सुद्धा."

मॅडमना त्या दिवसांत वेगळाच आनंद होता. चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस नंबरच्या कांड्यांत त्यांच्या सांगण्यावरून चांदी घातली होती आणि त्या दोन्ही चांगल्या निघाल्या होत्या. त्रेचाळीसएवढ्या नाहीत, पण आठपट, सहापट. चांदीवर त्यांची आधीपासूनच श्रद्धा. परिषदेत त्यावर बोलायचं त्यांनी कबूलही करून टाकलं होतं.

चिमूटबाईने साधी कांडी परत केली. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही मख्ख. जशी साधी कांडी असते तशी.

दुसरी कुणी असती तर तिने त्रेचाळीस नंबरवर रेघ मारून पुढचं पान उघडलं असतं. चिमूटबाईला ते जमेना. जेवताना घास हातात धरून ती भिंतीकडे बघत बसे. नवरा म्हणाला, "भिंतीत काही दिसलं की मलाही सांग." तिने ऐकलंच नाही. वहीत तिने सगळं लिहिलं होतं. बिस्मथ चौथ्या दशांशापर्यंत, गंधक चौथ्या दशांशापर्यंत, भट्टीचं तापमान तासातासाला. म्हणजे जे हवं होतं ते वहीत नसलेलं काहीतरी होतं.

त्रेचाळीसचा नखाएवढा तुकडा उरला होता. तो तिने शेजारच्या विभागात तपासायला दिला. तिथल्या रसायनतज्ज्ञाने तो विरघळवून सगळे धातू शोधले आणि उत्तर पाठवलं: बिस्मथशिवाय नाव घेण्यासारखा एकही धातू नाही.

"आणि धातू नसलेलं काही असेल तर?" तिने विचारलं.

"ते माझ्या यंत्राला दिसत नाही. आंधळ्याला रंग विचारू नका."

मग तिने एकेक संशयित घेतला. बिस्मथची बाटली तीच होती, गंधकाची तीच. नळ्या एकाच खोक्यातल्या. भट्टी तीच. तीन आठवडे घालवून तिने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि शेवटी उरला खल.

खल अकीकाचा, म्हणजे कठीण दगडाचा. पांढुरका, गुळगुळीत, आतून कवडीसारखा. फार वर्षांपूर्वी कुणीतरी त्यात फळ्यावरचा खडू कुटला होता आणि तेव्हापासून मॅडमच्या हाताने लिहिलेली पाटी त्याच्यावर लटकत होती: या खलाला हात लावू नये. त्याला हात लावायचा अधिकार एकट्या चिमूटबाईचा.

ती सगळ्यांना विचारत सुटली. "त्या मंगळवारी दुपारी मी ग्रंथालयात होते. खल कुणी घेतला होता?" नळ्या बंद करणारा काचवाला म्हणाला, मी नाही. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, मला खल कुठे असतो तेही ठाऊक नाही. तळमजल्यावरच्या कार्यशाळेतल्या तारमामांना विचारलं, तर ते उसळलेच.

"मी कशाला घेऊ? मला काय करायचाय तुमचा दगड?"

तारमामा म्हणजे संस्थेचे मेकॅनिक. तारा जोडणं, यंत्रं उघडणं, पट्ट्या घासणं, सगळं तेच करायचे. दीड वर्षाने निवृत्त व्हायचे होते. कुणाचेही सख्खे मामा नव्हते, तरी सगळ्यांचेच मामा होते. एरवी शीळ घालत वर यायचे, खुर्ची उलटी करून बसायचे. त्या दिवसानंतर दुरुस्त केलेली वस्तू उंबऱ्यावर ठेवून परस्पर जिना उतरायला लागले. चिमूटबाईच्या लक्षात आलं, पण करायचं काय ते सुचेना.

रविवारी तिने सासूबाईंजवळ मन मोकळं केलं. सासूबाई चौतीस वर्षं शाळेत होत्या, शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापिका.

"तू काय विचारलंस त्यांना?"

"हेच. खल कुणी घेतला होता."

"मग कशाला सांगतील?" सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "अगं, पहिल्या वर्षी मीही असंच करायचे. खिडकीची काच फुटली की वर्गात जाऊन विचारायचे, कुणी फोडली? चाळीस पोरं आणि चाळीस मौनीबाबा. पुढे अक्कल आली. मग विचारायला लागले, एवढी जाड काच, फुटली कशी रे? की लगेच हात वर. बाई, चेंडू नव्हता, ओलं फडकं होतं, त्याची गाठ मारून गरगर फिरवलं की असं सुटतं. एकाने तर तिथल्या तिथे करूनच दाखवलं."

"आणि?"

"दुसरी काच फुटली."

"मग काय केलंत?"

"काय करणार? शाबास म्हटलं आणि पुठ्ठा लावला."

चिमूटबाई हसली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला वाटलं, आपल्याला तरी चोर कुठे हवा आहे? आपल्याला काच कशी फुटली तेवढंच हवंय.

सोमवारी ती खाली कार्यशाळेत गेली आणि स्टूल ओढून बसली. तारमामांनी मान वर केली नाही.

"काही मोडलंय?"

"नाही. बघायला आले."

मामा दोन केसाएवढ्या बारीक तारांची टोकं जोडत होते. भट्टीचं तापमान कळायला लागतं ते थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारा, एका टोकाला जोडलेल्या, बस्स. चिमूटबाई त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. मग मामांनाच राहवेना.

"ताई, एक विचारू? बत्तीस वर्षं या तारा जोडतोय. हे टोक भट्टीत घातलं की त्या टोकाला मीटर हलतो. का हलतो, ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

चिमूटबाईने सांगितलं. तापलेल्या टोकाचे इलेक्ट्रॉन गार टोकाकडे सरकतात. एका धातूत जास्त, दुसऱ्यात कमी. दोघांतला जो फरक उरतो तोच मीटर दाखवतो. मामांनी हातातली तार डोळ्यांजवळ धरली.

"म्हणजे माझी तार आणि तुमची कांडी एकाच आईची लेकरं."

"सख्खी भावंडं."

त्या आठवड्यात ती रोज जेवण झाल्यावर खाली जाऊ लागली. कधी ती विचारी, कधी मामा. गुरुवारी मामांनी एक तांब्याची पट्टी घेतली. तिला कथलाचा हात द्यायचा होता. पट्टी तापवली, एक पांढरी वडी तिच्यावर घासली, तसा पांढरा धूर उठला आणि दोघंही खोकली. तांब्याचा काळवंडलेला रंग बघता बघता गुलाबी झाला आणि कथील पाण्यासारखं पसरलं.

"हे काय घासलंत?"

"नवसागर. मळ खातो. तो नसला तर कथील नुसतं मण्यासारखं गडगडतं, बसतच नाही."

"बारीक कामाला वडी कशी चालेल? पूड लागत असेल."

"लागते. लोखंडी खलात करतो."

"त्याचा गंज उतरत नाही?"

"उतरतो ना. मग कथलावर काळे ठिपके येतात. दिसायला घाण आणि उष्णताही नीट जात नाही."

चिमूटबाईच्या यंत्रातली गार बाजूची पट्टी मामांनीच करून दिली होती, त्याच महिन्यात. ती आरशासारखी होती.

"मामा, माझ्या पट्टीवर एकही ठिपका नाही. इतकी स्वच्छ पूड कशी केली होतीत?"

मामांचा हात थांबला. कढई खाली ठेवावी तशी त्यांनी ती पट्टी हळूच विटेवर ठेवली. मग फडक्याला हात पुसत राहिले, पुसून झाले तरी.

"तुमच्याच कामाला केली होती ताई," ते म्हणाले. "पट्टी चांगली व्हावी म्हणून. वर आलो, तुम्ही नव्हतात. तो दगड समोरच होता. दोन मिनिटांचं काम. म्हटलं कुणाला कळतंय." आणि मग एकदम, "मॅडमना सांगा हवं तर. आता लपवून काय करू?"

पण चिमूटबाई कुठे ऐकत होती! ती स्टुलावरून उठून उभी राहिली होती.

"नवसागर! म्हणजे त्यातला क्लोरीन!"

"म्हणजे?"

"म्हणजे मामा, क्लोरीन गंधकाच्या जागी जाऊन बसतो. आणि गंधकापेक्षा त्याच्यापाशी एक इलेक्ट्रॉन जास्त असतो, तो मोकळा सुटतो. नळी बंद, त्यामुळे पळून जायला वाटच नाही. खल धुतलात का नंतर?"

"धुतला असता तर ओला दिसला असता. कोरड्या फडक्याने पुसला. दोनदा."

"किती राहिलं असेल आत?"

"पुसला म्हणतोय ना! काही राहिलं नसेल."

"राहिलं होतं. किती ते बघायचंय. फडकं तेच आहे?"

मामा तिच्याकडे बघतच राहिले. बत्तीस वर्षांत त्यांनी नाना प्रकारची बोलणी खाल्ली होती. पण चूक कबूल केल्यावर ती आणखी दहा वेळा करून दाखवा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

आणि दहा वेळा केली. दुसऱ्या दिवशी वर चिमूटबाईच्या टेबलाशी मामांनी नवसागर कुटला, ओतून घेतला, दोनदा पुसला, अगदी त्या दिवशी पुसला तसा. दर वेळी ती खल शुद्ध पाण्याने विसळायची, ते पाणी हलक्या वाटीत आटवायची आणि वाटी तराजूवर ठेवायची. तीन मिलिग्रॅम. सहा. चार. एकदा एकच, कारण मामांनी सवयीने जास्त जोर लावला. "नीट पुसू नका हो," ती ओरडली, आणि काचवाला दारातून डोकावून बघून गेला की या दोघांचं नक्की काय चाललंय.

सरासरी साडेचार निघाली. पाच ग्रॅमच्या घाण्यात साडेचार मिलिग्रॅम. चिमूटबाईने कागदावर आकडेमोड केली, आणि वीसपट फरक पडायला तेवढं पुरेसं होतं.

मग तिचा चेहरा पडला. साध्या कांडीनंतर ती खल धुवत नसे, एकच धातू लागोपाठ दोनदा घालायचा असेल तर मध्येही नाही, नुसता ब्रशने झाडत असे. साध्या कांडीत काही नसतंच, तर धुवायचं काय? तिचीच पद्धत, तिनेच ठरवलेली. आणि त्रेचाळीसनंतर त्याच खलात तिने चव्वेचाळीस घोटली होती, मग पंचेचाळीस. मॅडमची चांदी.

"मी एकटी जाते," ती म्हणाली.

"मी येतो," मामा म्हणाले. "फडकं माझं होतं."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी फक्त विचारलं, "चव्वेचाळीस?"

"आणि पंचेचाळीससुद्धा," चिमूटबाई म्हणाली. "मी खल नुसता झाडला होता."

मॅडम मामांकडे वळल्या. "तुम्हाला पाटी वाचता येते ना?"

"येते मॅडम. दहा वर्षं वाचतोय. त्या दिवशी पट्टी डोळ्यांसमोर होती आणि पाटी पाठीमागे."

मॅडम हसल्या नाहीत. "जा दोघंही," म्हणाल्या. दुपारपर्यंत त्यांच्या खोलीचं दार बंद होतं. कुणी चहा न्यायलाही धजलं नाही. दुपारी त्या पांढरा कोट घालून बाहेर आल्या. हा कोट कित्येक वर्षांत कुणी त्यांच्या अंगावर पाहिला नव्हता, बटण लागेना. खल त्यांनी आपल्या हाताने धुतला, आधी आम्लाने, मग पाण्याने, तीन वेळा. चांदी स्वतः तोलली. स्वतः घोटली. चिमूटबाई मागे उभी राहून नुसतं हवं ते हातात देत होती.

नऊ दिवसांनी कांडी यंत्रात गेली. चांदीने काम केलं होतं, नाही असं नाही. पण दुपटीपलीकडे आकडा सरकेना. मॅडमनी तो स्वतः वहीत लिहिला.

"कष्ट नवसागराचे आणि नाव चांदीचं," त्या म्हणाल्या. "परिषदेला कळवते, मी बोलणार नाही." मग दारापाशी थांबून म्हणाल्या, "नवसागर किती घालायचा ते शोध. आणि या वेळी खल धुवून."

त्यांना वाईट वाटलं होतं, ते चिमूटबाईला पुढे कितीतरी दिवस दिसत होतं. मामांशी तर त्या महिनाभर कामापुरतंच बोलल्या.

चिमूटबाईने मात्र दोन मिलिग्रॅमपासून सुरुवात केली. मग चार, मग सहा, मग आठ, मग दहा. मामा रोज सकाळी जिन्यातूनच विचारायचे, "आज कितीची?" शीळ परत आली होती. आकडे चढत गेले, आठला माथा गाठला आणि मग उतरायला लागले. पंधरा मिलिग्रॅमची नळी भट्टीतच तडकली आणि गंधकाच्या वासाने अख्खी इमारत अंगणात आली. पण तिथवर चित्र स्पष्ट झालं होतं. कमी घातलं तर आळस जात नाही, जास्त घातलं तर इलेक्ट्रॉनांची इतकी गर्दी होते की गरम-गार टोकांमधला दाबच मरतो. आठची कांडी त्रेचाळीसपेक्षाही सरस होती आणि ती दर वेळी तशीच यायची. दर वेळी तशीच येणं, हेच तर तिला हवं होतं.

चार महिन्यांनी बारा कांड्या एका रांगेत जोडून काचवाल्याच्या भट्टीच्या धुराड्याला बांधल्या. जोडकाम मामांचं. वरच्या बाजूला पाण्याची नळी, आणि टोकाला खेळण्यातला असतो तसा एक पंखा. भट्टी तापली. पंख्याचं पातं थरथरलं, अडखळलं आणि फिरायला लागलं. मॅडम बोट न लावता नुसत्या वाकून बघत होत्या. काचवाला म्हणाला, "आजवर माझ्या धुराने नुसती भिंत काळी केली."

वीस मिनिटं पंखा फिरला. मग थांबला.

चिमूटबाईने मीटर लावून एकेक कांडी तपासली. बाराच्या बारा ठणठणीत. मामा खाली बसले होते, चष्मा कपाळावर ढकलून. जमिनीवर एक चकचकीत थेंब पडला होता. त्यांनी तो नखाने उचलला.

"कथील," ते म्हणाले. "कांडी शहाणी आहे, जोड कच्चा निघाला. ती बाजू किती तापते?"

"तीनशे."

"कथील दोनशे तीसला वितळतं. मग जोडू कशाने?"

"मला माहीत नाही, मामा. खरंच नाही."

मॅडमनाही ठाऊक नसावं. मामांनी थेंब कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि उठून गुडघे झटकले.

"चौकटीची वही मिळेल का एक? तुमच्यासारखी, तारीखवार."

तिने कपाटातून कोरी वही काढून दिली. मामा तिथेच विटेवर बसले. आधी तारीख घातली. मग बराच वेळ पेन्सिल ओठांवर टेकवून धुराड्याकडे बघत राहिले. आणि मग पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं: चांदी मिसळून बघणे.

मॅडमनी ते खांद्यावरून वाचलं. "चार नंबरच्या कपाटात आहे," त्या म्हणाल्या, "तोलून घ्या."